मेडिकल लायसन्सच्या परीक्षेतले एमसीक्यू: अभ्यास झालाय, पण मार्क का येत नाहीत आणि काय करायचं

मेडिकल लायसन्सची परीक्षा पहिल्यांदाच देताय, वाचून झालंय, नोट्स झाल्यात, पण मॉक द्यायला बसलं की मार्क आहेत तिथेच आहेत, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. मी स्वतः पहिल्या वेळी थोडक्यात नापास झाले होते. तेव्हा वाटलं अभ्यासच कमी पडला, म्हणून दीड महिना पुन्हा तीच पुस्तकं पहिल्या पानापासून वाचत बसले आणि पुढच्या मॉकला मार्क जवळपास तेवढेच. मग एका सीनियर ताईने माझे जुने मॉक मागून घेतले, शेजारी बसली आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नावर बोट ठेवून एवढंच विचारत गेली, "हे तुला आता येतं का?" जवळजवळ निम्म्या प्रश्नांना मी म्हणत होते, हो ताई, हे तर येतं मला. येत होतं आणि तरी चुकलं होतं. कारण विचारलं होतं एक आणि मी उत्तर दिलं होतं भलत्याच प्रश्नाचं.

त्या दिवसापासून मी प्रश्न सोडवायची पद्धत बदलली. तीच खाली देतेय, सविस्तर, कारण ही गोष्ट आपल्याला कोणी बसवून शिकवत नाही.

आधी आपली परीक्षा कशी आहे ते बघा

हे अर्ध्या तासाचं काम आहे पण बरेच जण शेवटच्या आठवड्यात करतात. ब्रिटनच्या प्लॅब 1 मध्ये 180 प्रश्न आणि 3 तास, म्हणजे प्रश्नाला बरोबर एक मिनिट. भारतातली एफएमजीई (परदेशात एमबीबीएस केलेल्यांची परीक्षा) 300 प्रश्नांची, 150-150 चे दोन भाग, प्रत्येक भागाला 150 मिनिटं, आणि पास व्हायला 300 पैकी 150. अमेरिकेच्या यूएसएमएलईमध्ये प्रश्नामागे साधारण दीड मिनिट मिळतं पण प्रश्न लांबलचक असतात, त्यामुळे तो दीड मिनिट पुरतोच असं नाही. ऑस्ट्रेलियाच्या एएमसीत 150 प्रश्न आणि साडेतीन तास, त्यातले 120 च मोजले जातात, बाकीचे 30 पुढच्या परीक्षांसाठी चाचणी म्हणून घातलेले असतात आणि ते कुठले हे तुम्हाला कळत नाही. हे माहीत असण्याचा एक मोठा फायदा सांगते: एखादा प्रश्न अगदीच विचित्र वाटला, कधी वाचलंच नाही असं काही समोर आलं, तर हात-पाय गाळायचे नाहीत, कदाचित तो मोजलाच जाणार नाहीये.

दोन गोष्टी मात्र नक्की तपासा. निगेटिव्ह मार्किंग आहे का, आणि पुढे गेल्यावर मागे येता येतं का. काही परीक्षांत सेक्शनचा वेळ संपला की तो सेक्शन बंद होतो, काही परीक्षा अशा असतात की तुमच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरतो आणि मागे जायची सोयच नसते, तिथे "नंतर बघू" ही सवय महागात पडते. नियम बदलत असतात, म्हणून मित्राने सांगितलेल्यावर किंवा माझ्या या लेखावरही न थांबता अधिकृत माहितीपत्रक स्वतः वाचा.

पहिली पायरी: शेवटची ओळ आधी वाचा

प्रश्न उघडला की वरची गोष्ट सोडून थेट शेवटच्या ओळीवर या. ही ओळ काय मागतेय? निदान मागतेय, पहिली तपासणी मागतेय, सगळ्यात अचूक तपासणी मागतेय, पुढची पायरी मागतेय, की औषधाचा साइड इफेक्ट? ऐकायला हे सगळं सारखं वाटतं पण उत्तरं पूर्ण वेगळी असतात, आणि फसवणारे ऑप्शन नेमके याच फरकावर बेतलेले असतात. निदानही बरोबर, तपासणीही बरोबर, पण आत्ता या पेशंटला नाही.

एक उदाहरण घेऊ. 26 वर्षांची बाई, सात आठवडे पाळी चुकलीय, पोटात एका बाजूला दुखतंय, युरिन प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह. इथपर्यंत आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक्टोपिक, म्हणजे गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ, आलंच. आता बीपी 116/74, पल्स 84 असेल आणि विचारलं असेल पुढची पायरी काय, तर ट्रान्सव्हजायनल सोनोग्राफी. हीच बाई, हीच हिस्टरी, पण बीपी 78/40, पल्स 130 आणि पोट कडक, तर पुढची पायरी आहे एकीकडे सलाईन-रक्ताची तयारी करत थेट ऑपरेशन थिएटर. तिथे सोनोग्राफी विभागात पाठवण्याचा किंवा बीटा एचसीजी या प्रेग्नन्सी हार्मोनची लेव्हल बघण्याचा ऑप्शन दिलेला असतोच, आणि आपण पुस्तकात "एक्टोपिकची तपासणी म्हणजे सोनोग्राफी" इतकंच पाठ केलेलं असतं म्हणून हात तिकडे जातो. ज्ञान कमी नव्हतं हो, दोन आकडे वाचले नाहीत.

शेवटची ओळ आधी वाचली की वरची गोष्ट वाचताना डोळे आपोआप कामाच्या जागी थांबतात. "पुढची पायरी" असेल तर मी सगळ्यात आधी व्हायटल्स (बीपी, पल्स वगैरे) शोधते. औषधाबद्दल असेल तर किडनी, लिव्हर, प्रेग्नन्सी, अ‍ॅलर्जी आणि आधीपासून चालू असलेल्या गोळ्या. कारण विचारलं असेल तर किती दिवसांपासून आणि कशानंतर. आणि शेवटच्या ओळीत "वगळून", "अपवाद", "कोणतं नाही" असलं काही दिसलं तर मनात नाही, तोंडातल्या तोंडात उच्चारा, कारण चार ऑप्शन वाचेपर्यंत तो "नाही" डोक्यातून गळून पडतो. माझा गळायचा, म्हणून सांगतेय.

दुसरी पायरी: पेशंट एका वाक्यात बसवा

आता वरून वाचा. वय, बाई की पुरुष, कुठे आलाय म्हणजे ओपीडीत की कॅज्युअल्टीत, किती वेळापासून, व्हायटल्स. आणि जे नॉर्मल म्हणून दिलंय तेही, कारण परीक्षेच्या प्रश्नात एखादी गोष्ट मुद्दाम "नॉर्मल आहे" असं लिहिलं असेल तर त्यामागे बहुतेक वेळा कारण असतं. वाचून झालं की स्वतःला एक वाक्य सांगायचं, जसं राउंडला सरांना केस सांगतो तसं.

हे जवळून दाखवते कारण माझा हाच प्रश्न चुकला होता. 58 वर्षांचा पुरुष, 40 मिनिटांपासून छातीत दुखतंय, घाम सुटलाय. बीपी 84/50, पल्स 62. मानेच्या शिरा फुगलेल्या. फुफ्फुसं दोन्हीकडे स्वच्छ. ईसीजीत लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी एलिव्हेशन. अ‍ॅस्पिरिन दिलंय, कॅथ लॅबला कळवलंय. आता लगेच काय द्याल? ऑप्शन: जिभेखाली नायट्रोग्लिसरीन, आयव्ही सलाईन, फ्युरोसेमाइड, मेटोप्रोलॉल.

मी काय केलं, छातीत दुखणं आणि एसटी एलिव्हेशन दिसलं की डोक्यात नायट्रोग्लिसरीन आलं, पहिलाच ऑप्शन होता, टिक केलं, पुढे गेले. पूर्ण प्रश्नाला वीस सेकंदही लागले नसतील आणि मला वाटलं चला, एक सोपा आला. आता एका वाक्यात बसवून बघा: इन्फिरियर एमआय (हृदयाच्या खालच्या भागाचा हार्ट अटॅक), बीपी पडलेलं, मानेच्या शिरा फुगलेल्या, पण फुफ्फुसं स्वच्छ. हे वाक्य नुसतं म्हटलं तरी उजव्या व्हेंट्रिकलचं इन्फार्क्शन समोर उभं राहतं. हृदयाची उजवी बाजू नीट पंप करत नाहीये, तिला मागून भरपूर रक्त येणं गरजेचं आहे, नायट्रोग्लिसरीन दिलं तर शिरा पसरून तेच रक्त परत यायचं कमी होईल आणि बीपी आणखी कोसळेल. फ्युरोसेमाइडने पाणी काढलं तरी तेच. बीपी 84 असताना मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर तर नाहीच. उरलं सलाईन, आणि तेच उत्तर. "फुफ्फुसं स्वच्छ" हे तीन सेकंदांचं वाक्य होतं, पूर्ण प्रश्नाची मेख तिथे होती आणि मी ते बघितलंसुद्धा नव्हतं. आणि शेवटची ओळ "कोणती तपासणी कराल" अशी असती तर उत्तर उजव्या बाजूचा ईसीजी झालं असतं. पेशंट तोच, ओळ बदलली, उत्तर बदललं.

तिसरी पायरी: ऑप्शन झाकून उत्तर सांगा

सरावात खरोखर हाताने किंवा कागदाने ऑप्शन झाका. आधी स्वतःचं उत्तर म्हणा, मग हात काढा. हे मी मनाने सांगत नाहीये, अमेरिकेतल्या परीक्षांचे प्रश्न लिहिणाऱ्यांना एनबीएमई या तिथल्या परीक्षा मंडळाच्या मार्गदर्शिकेत हेच सांगितलेलं असतं, की प्रश्न असा लिहा की ऑप्शन झाकले तरी अभ्यास केलेल्याला उत्तर सांगता आलं पाहिजे. म्हणजे नीट लिहिलेल्या प्रश्नात लागणारी माहिती वरच असते. ऑप्शन आधी वाचले की काय होतं, प्रत्येक ऑप्शन थोडा थोडा खरा वाटायला लागतो आणि आपण गोष्टीत त्याच्यासाठी पुरावे शोधत बसतो.

तुमचं उत्तर ऑप्शनमध्ये सापडलं तरी बाकीचे एकदा डोळ्यांखालून घाला, पाच सेकंद लागतात. उत्तर सापडलंच नाही तर घाबरू नका, बहुतेक वेळा ते दुसऱ्या शब्दांत असतं, आजाराच्या नावाऐवजी त्याची यंत्रणा किंवा औषधाच्या नावाऐवजी ते कुठल्या रिसेप्टरवर काम करतं ते दिलेलं असतं.

ते "सगळ्यात लांब ऑप्शन बरोबर असतो", "सी टिक करा", "नेहमी आणि कधीच असलेले ऑप्शन चूक" असले नुस्खे फिरत असतात ना, त्यांच्यामागे वेळ घालवू नका. कॉलेजच्या घाईत काढलेल्या पेपरला कदाचित चालतील, लायसन्सच्या परीक्षेत प्रश्न तपासणारे लोक हेच दोष शोधून काढत असतात.

दोनच ऑप्शन उरले की

खरी लढाई इथे आहे. मी सांगते ते एक वाक्य लक्षात ठेवा: "हा ऑप्शन बरोबर असता तर प्रश्नात काय वेगळं लिहिलं असतं?" दोन्ही ऑप्शनना हे विचारा.

समजा 24 वर्षांची मुलगी, थकवा, हिमोग्लोबिन 10.2, एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) 64, आरबीसी काउंट (लाल पेशींची संख्या) 59 लाख, फेरिटिन (साठलेल्या लोहाचं माप) नॉर्मल. सगळं गाळून दोन उरले, लोहाची कमतरता आणि बीटा थॅलसेमिया ट्रेट (थॅलसेमियाचा आनुवंशिक, सौम्य प्रकार). लोहाची कमतरता असती तर काय लिहिलं असतं? फेरिटिन कमी, आरबीसी काउंट कमी किंवा नॉर्मलच्या आसपास, कदाचित पाळीत रक्तस्राव जास्त. इथे एमसीव्ही इतका खाली असून पेशींची संख्या उलट चढलेली आहे, हे ट्रेटचं चित्र. झालं. "मला कोणतं जास्त पटतंय" असं विचारत बसलात तर दोन मिनिटं जातील आणि शेवटी ओळखीचं नाव टिक होईल, आणि लोहाची कमतरता हे आपल्या सगळ्यांना फारच ओळखीचं नाव आहे.

तरीही नाहीच सुटलं तर एक निवडा, खूण करा, पुढे. रिकामं सोडायचं नाही, निगेटिव्ह नसेल तर प्रश्नच नाही. निगेटिव्ह असेल तर गणित करा: समजा बरोबरला 4, चुकीला वजा 1 आणि चार ऑप्शन. डोळे मिटून मारलं तरी चार प्रश्नांमागे सरासरी एक बरोबर, तीन चूक, म्हणजे 4 वजा 3, एक मार्क वरच. एखादा ऑप्शन खात्रीने गाळता आला तर फायदा आणखी वाढतो. पण मार्किंग वेगळं असेल, म्हणजे चुकीला बरोबरच्या अर्धे मार्क कापत असतील, तर डोळे मिटून मारणं तोट्याचं आहे. आपल्या परीक्षेचे आकडे घालून हे घरीच ठरवून जा, हॉलमध्ये नाही.

उत्तर बदलायचं का

"पहिलं आलेलं उत्तर बदलू नकोस" हे सगळ्यांनी ऐकलंय. यावर क्रुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2005 चा अभ्यास आहे, त्यांनी दीड हजारावर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरच्या खाडाखोडी तपासल्या. बदललेल्या उत्तरांपैकी 51 टक्के चुकीचं होतं ते बरोबर झालं, 25 टक्के बरोबर होतं ते चुकलं, बाकीची चुकीचीच राहिली. तो सायकॉलॉजीचा पेपर होता, मेडिकलचा नव्हे, पण मुद्दा लागू पडतो. मग सगळ्यांना उलटं का वाटतं? कारण बरोबर असलेलं बदलून चुकवलं की ते मनाला लागून राहतं, वर्षभर आठवतं, आणि बदलून बरोबर झालेलं आपण विसरून जातो.

म्हणून माझा नियम साधा आहे. परत वाचताना नवीन काही दिसलं, एखादा आकडा, "नाही" हा शब्द, आधी न वाचलेली गोळी, तर बेधडक बदला. नुसतं मनात चलबिचल होतेय, नवीन काहीच दिसलं नाही, तर हात लावू नका.

आकडेमोडीचे आणि एथिक्सचे प्रश्न

बायोस्टॅटचे, म्हणजे वैद्यकीय संख्याशास्त्राचे, प्रश्न बरेच जण सोडून देतात, मला याचं फार वाईट वाटतं कारण हे हातचे मार्क आहेत. मनात करू नका, 1000 माणसं घ्या आणि चार घरांचा तक्ता काढा. आजार 1 टक्का लोकांना, टेस्टची सेन्सिटिव्हिटी (आजारी लोकांपैकी किती पकडते) 90 टक्के, स्पेसिफिसिटी (निरोगी लोकांपैकी किती निगेटिव्ह दाखवते) 90 टक्के. आजारी 10, त्यातले 9 पॉझिटिव्ह. निरोगी 990, त्यातले 99 खोटे पॉझिटिव्ह. एकूण 108 पॉझिटिव्ह, खरे फक्त 9, म्हणजे पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू (पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरोखर आजारी किती) साधारण 8 टक्के. आता आजार 10 टक्के लोकांना धरा, 90 खरे, 90 खोटे, सरळ 50 टक्के. टेस्ट तीच. हा तक्ता दहा वेळा हाताने काढलात की प्रीव्हलन्स (किती टक्के लोकांना आजार आहे) वाढला की काय वाढतं हे पाठ करायची गरजच उरत नाही.

एथिक्समध्ये पेशंटशी बोलणं, त्याला काय कळलंय ते विचारणं, नकार दिला तर का ते समजून घेणं, हा ऑप्शन आधी बघा. समज शाबूत असलेल्या मोठ्या माणसाने उपचार नाकारले तर तो त्याचा हक्क आहे, नातेवाईकांची सही घेऊन पुढे जाणारा ऑप्शन चुकीचाच. जिथे परीक्षा देताय तिथले कायदे मात्र वेगळे वाचा.

सराव कसा करायचा

सुरुवातीला आठवडाभर वेळ न लावता वरच्या तीन पायऱ्या करा, हळू होईल, चिडचिड होईल, होऊ द्या. मग टायमर लावून, सगळे विषय मिसळून. एकाच विषयाचे प्रश्न सोडवताना अर्धं उत्तर आधीच कळलेलं असतं, कार्डिओच्या सेटमध्ये छातीत दुखणारा माणूस आला तर तो हृदयाचाच असणार, परीक्षेत तो अ‍ॅसिडिटीचा किंवा फुफ्फुसाचाही असतो.

आणि सोडवण्यापेक्षा तपासायला जास्त वेळ द्या. 40 प्रश्नांचा सेट तासात होतो, मला तो तपासायला दोन तास लागायचे. एक वही ठेवा, चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाची फक्त एक ओळ आणि समोर कारण: माहीत नव्हतं, वाचलं नाही, दोनात अडकले, की बदललं. माझ्या वहीत अशा ओळी होत्या: "एक्टोपिक, बीपी वाचलं नाही." "थॅलसेमिया, आरबीसी काउंट बघितलाच नाही." "अपवाद विचारला होता." पहिल्या तीन पानांवर "वाचलं नाही" इतक्या वेळा आलं की पुढे मी नुसतं "वा" लिहायला लागले. "माहीत नव्हतं" याला औषध पुस्तक आहे, "वाचलं नाही" याला नाही, तिथे पद्धतच बदलावी लागते, आणि कुठला आजार आहे हे वहीशिवाय कळत नाही. अंदाजाने बरोबर आलेले प्रश्नही वहीत घ्या, त्यांचं मार्क मिळालंय, उत्तर अजून आलेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी

वेळ मध्येमध्ये तपासायच्या जागा आधीच ठरवा. दर प्रश्नाला घड्याळ बघितलं की वाचणं बिघडतं. मिनिटाला एक प्रश्न असेल तर मी 30, 60, 90 या प्रश्नांना बघायचे, बस. मागे असाल तर लांब प्रश्न घाईत वाचू नका, त्याऐवजी अडलेले प्रश्न लवकर सोडायला शिका. मागे जाता येत असेल तर पहिल्या फेरीतही प्रत्येक प्रश्नाला काहीतरी उत्तर देऊनच फ्लॅग (परत बघायची खूण) करा, शेवटी परत यायला वेळ मिळाला नाही तरी निदान रिकामं जात नाही. दोन-तीन मिनिटं उरली की नवीन विचार बंद, फक्त रिकामं काही राहिलंय का ते बघायचं.

ब्रेक असेल तर उठा, पाणी प्या, थोडं काहीतरी खा. झालेल्या प्रश्नांवर शेजारच्याशी बोलू नका, त्याचं उत्तर वेगळं निघालं की पुढचे दहा प्रश्न डोक्यात तेच घोळत राहतं. आणि परीक्षा संपल्यावरही ग्रुपवर "हा प्रश्न आला होता" असं टाकू नका. परीक्षेला बसताना ज्या अटी मान्य करतो त्यांत प्रश्न कुठेही शेअर न करण्याची अट असते, आणि त्यावरून निकाल रद्द होऊ शकतो.